नाक बापाचं, रंग आजीचा

कवठे महांकाळहून जतच्या वाटेला लागलं, की माळावर चरणाऱ्या कळपात माडग्याळी मेंढा लांबूनच ओळखू येतो. पोपटाच्या चोचीसारखं बाकदार नाक, उंच मान, पांढऱ्या अंगावर तपकिरी डाग. अशा नाकाचा मेंढा बाजारात लाखांत जातो. म्हणून मेंढी व्याली की आधी कोकराचं नाक निरखलं जातं. नाक बापाचं उतरतं, रंग मात्र आजीचा, आणि अंगलट? ती कुणाची, हे कोकरू वाढल्यावरच कळणार. हे गुण एकमेकांना विचारून येत नाहीत.

मेंडेलनं 1865 साली हेच वाटाण्यांवरून सांगितलं. गोल-पिवळ्या आणि सुरकुतल्या-हिरव्या वाणांच्या संकरातून नातवंडांच्या पिढीत 556 दाणे आले: 315 गोल पिवळे, 108 गोल हिरवे, 101 सुरकुतलेले पिवळे, 32 सुरकुतलेले हिरवे. मधल्या दोन जोड्या ना आजोबांकडे होत्या ना आजीकडे. मेंढरात गुणसूत्रांच्या 27 जोड्या. प्रत्येक जोडीतलं कुठलं पिल्लाकडे जाईल, याचा कौल स्वतंत्र लागतो. एकाच गुणसूत्रावर शेजारी बसलेली जनुकं तेवढी बहुधा हात धरून जातात.

या सुट्या वाटणीचा फायदा शेजारच्या सातारा जिल्ह्यात, फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं घेतला. आपली दख्खनी मेंढी बहुधा एकच कोकरू देते. सुंदरबनातली गरोळ मेंढी अगदी चणीनं लहान, पण जुळी-तिळी देणारी. ही करामत मुख्यतः फेकबी या एका जनुकाची. अंगाची चण मात्र अनेक जनुकांवर ठरते. चंदा निंबकर आणि सहकाऱ्यांनी संकर करत, पिढ्यान्‌पिढ्या निवड करत जुळ्यांचा गुण ठेवला आणि खुजेपणा मागं टाकला. त्यातून ‘नारी सुवर्णा’ घडली. अर्थात, दोन कोकरांना दूध पुरायचं तर आईच्या पोटातही चारा हवा. दुष्काळी माळावर हा हिशेब जनुक सोडवत नाही.

मेंढा स्वतः वीत नाही, त्याच्या अंगातला जुळ्यांचा गुण लेकी व्यायल्यावरच दिसतो. तेव्हा मेंढा घेताना नाक खुशाल बघा, पण त्याच्या आईनं किती कोकरं दिली आणि त्यातली किती जगवली, हेही विचारा. नाकावरून ते कळत नाही.