कापून घ्या म्हणा

दर्यापूरजवळच्या एका खेड्यातली बाई माझ्या टेबलासमोर येऊन बसली. प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला रंगीत कागद तिनं काढला आणि घडी उलगडून माझ्यापुढे ठेवला. वर अशोकस्तंभ, खाली इंग्रजी शिक्का, मध्ये तिचं नाव आणि पाच लाखांचा आकडा. व्याज दोन टक्के.

"सायेब, मंजुरी तं झाली हाये. पैसे कधी जमा होतीन, तेवढं पाहून सांगा."

अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या शाखांमध्ये मी एकतीस वर्षं कर्ज विभाग सांभाळला. असे कागद नंतर बरेच पाहिले, पण तो पहिला होता. तो खोटा आहे हे सांगायला मला पाच मिनिटं लागली, कारण तिच्या डोळ्यांकडे बघून शब्द फुटेना.

तिला फोन आला होता. शुद्ध बोलणारा, मॅडम म्हणणारा माणूस. पहिल्या दिवशी त्यानं फाइलचे २,१५० रुपये मागितले. दोन दिवसांनी विम्याचे ६,५००. मग जीएसटीच्या नावाखाली १२,७५०. शेवटी सांगितलं की तुमचा खाते क्रमांक चुकलाय, रक्कम वरच अडकलीय, सोडवायला १७,००० लागतील. एकूण ३८,४०० रुपये. शेवटच्या रकमेसाठी तिनं कानातले मोडले.

"ताई, दुसऱ्या वेळीच कोणाला विचारलं काहून नाही?" मी म्हणालो.

"आधीचे बुडतीन म्हणून."

या धंद्याची सगळी रचना त्या तीन शब्दांत आहे. पहिली रक्कम मुद्दाम इतकी लहान ठेवतात की घरात कोणाला विचारावंसं वाटू नये. त्यानंतरची प्रत्येक रक्कम माणूस कर्जासाठी भरत नाही, आधी गेलेलं वाचवण्यासाठी भरतो. अशा लोकांना लोभी म्हणणारे सुशिक्षित मला भेटतात. मला ते पटत नाही. पेरणी तोंडावर आलेला, जुनं पीककर्ज थकलेला, बँकेतून दोनदा परत आलेला माणूस लोभानं फोन उचलत नाही.

आणि आधी पैसे देण्याची सवय वऱ्हाडाला या फोनवाल्यांनी लावलेली नाही. माझे आजोबा सांगत, सावकार कागदावर शंभर लिहायचा आणि नव्वद हातावर ठेवायचा. अडत्याकडून उचल घेतली तरी हिशेबात काही ना काही आधीच वळतं व्हायचं. कार्यालयात फाइल पुढे सरकवायची तर चहापाणी ठरलेलंच. तीन पिढ्या हे पाहिलेल्या घराला "आधी थोडे भरा" हे वाक्य खटकावं तरी कसं?

पण सावकाराच्या व्यवहारात एक गोष्ट होती. तो कापायचा ते त्याच्याच पैशातून कापायचा. नव्वद का होईना, ते रात्री घरी यायचे. कापायला आधी पैसा असावा लागतो, आणि फोनवरच्या माणसाकडे द्यायला पैसाच नसतो. म्हणून मी गावोगावच्या बैठकांत एकच सांगत आलो. कोणी फी मागितली की वाद घालू नका, "साहेब, कर्जातून कापून घ्या" एवढं म्हणा. बँकेची प्रक्रिया फी सहसा कर्जाच्या रकमेतून किंवा तुमच्या खात्यातूनच वळती होते, त्यामुळे खऱ्या माणसाची यात अडचण नाही. खोट्याकडे उत्तर नसतं. तो चिडेल, आज शेवटची तारीख आहे म्हणेल, फाइल रद्द करण्याची धमकी देईल. करू द्या रद्द.

एक अपवाद मात्र सांगायला हवा, नाहीतर लोक खऱ्या बँकेशीही भांडतील. घरकर्जात वकिलाचा सर्च रिपोर्ट आणि मालमत्तेचं मूल्यांकन यांचा खर्च काही ठिकाणी आधी घेतात. तो शाखेत जाऊन भरायचा आणि पावती घ्यायची. कोणा व्यक्तीच्या मोबाईल नंबरवर किंवा क्यूआर कोडवर तो कधीच जात नाही.

त्या बाईच्या कागदावर मुद्रा योजनेचं नाव होतं. ही योजना ८ एप्रिल २०१५ ला सुरू झाली. शिशु गटात ५० हजारांपर्यंत, किशोरमध्ये ५ लाखांपर्यंत, तरुणमध्ये १० लाखांपर्यंत कर्ज मिळतं, आणि तरुण कर्ज नीट फेडलेल्यांसाठी आता २० लाखांपर्यंतचा गट आहे. पण मुद्रा ही संस्था स्वतः कोणाला कर्ज देत नाही. ती बँकांना आणि वित्तसंस्थांना पुनर्वित्त देते, आणि तिनं एकही एजंट नेमलेला नाही. कर्ज मंजूर करते ती शाखा. त्यामुळे "मुद्रा ऑफिसमधून बोलतोय" म्हणणाऱ्याचं पहिलंच वाक्य खोटं असतं.

पीककर्जाचं दुःख याहून मोठं आहे. पापळच्या मातीत जन्मलेल्या पंजाबराव देशमुखांच्या नावानं राज्याची व्याज सवलत योजना आहे. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर शेतकऱ्याला व्याज शून्य पडतं. २०१९ पासून तीन लाखांपर्यंतच्या अशा कर्जावर प्रक्रिया, तपासणी आणि खातेवहीचं शुल्कही घ्यायचं नाही, अशी सूचना बँकांना आहे. १ जानेवारी २०२५ पासून दोन लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला तारण लागत नाही. आणि हेच कर्ज काढून देतो म्हणून तालुक्याच्या ठिकाणचा एजंट शेकडा दहा मागतो! शून्य टक्क्यांच्या पैशावर दहा टक्के मोजणारा शेतकरी मी अकोट भागात स्वतः पाहिलाय.

हा तालुक्यातला एजंट फोनवाल्याहून वेगळा. तो ओळखीचा असतो, कधी काम करूनही देतो, म्हणून त्याची भीती वाटत नाही. मला त्याचीच जास्त वाटते. त्याच्याकडे आधारची प्रत, सातबारा, पासबुक आणि सही केलेले कोरे चेक असतात. त्या कागदांवर दुसराच कोणी कर्ज उचलू शकतो, किंवा तुमच्या नावानं खातं उघडून चोरीचा पैसा त्यातून फिरवू शकतो. मग पोलीस येतात ते तुमच्या दारात. प्रत द्यावीच लागली तर तिच्यावर तारीख आणि कारण लिहून सही करा. कोरा चेक सख्ख्या मेव्हण्यालाही देऊ नका.

सिबिल सुधारून देतो म्हणणाऱ्यांचंही तेच. तुमचा पतअहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो. त्यातली चूक दुरुस्त करून घ्यायला पैसे लागत नाहीत. थकबाकी खरी असेल तर ती कोणीही पुसू शकत नाही.

१ ऑक्टोबर २०२४ पासून घेतलेल्या किरकोळ आणि लघुउद्योगाच्या मुदत कर्जांना रिझर्व्ह बँकेचा एक चांगला नियम लागू आहे. कर्जाचा सगळा खर्च एका तथ्यपत्रकात मांडून, ग्राहकाला समजेल अशा भाषेत, सही घेण्याआधी द्यायचा. त्यात नसलेली फी तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही. मोबाईलवरच्या कर्जात मध्यस्थाचे पैसे कर्ज देणाऱ्या संस्थेनं द्यायचे, कर्जदारानं नाही, हा नियम २०२२ चा.

पैसे गेलेच असतील तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन लावा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आली तरच हाती लागते. आमची ही बाई एकोणीस दिवसांनी आली, तिचे मिळाले नाहीत. तक्रारीनंतर "गेलेले पैसे काढून देतो, थोडी फी लागेल" असा फोन तिला आला, तेव्हा मात्र तिनं तो कापला.

आता माझ्याच पेशाबद्दल. तिला मी विचारलं की आधी बँकेत का गेली नाहीस. ती म्हणाली, "गेलती नं. तीनदा." तिन्ही वेळा कोणीतरी तोंडी सांगितलं, पुढच्या महिन्यात या. तिच्या हातात एक चिठ्ठीही नव्हती. फोनवाल्यानं निदान कागद तरी दिला. हे ऐकल्यापासून एजंटांना शिव्या देताना माझा आवाज खाली येतो. काउंटरवरून आम्ही ज्यांना परत पाठवलं, त्यांनाच या लोकांनी गाठलं. पुढे तिला शिलाई मशीनसाठी शिशु गटातून ४० हजारांचं कर्ज मिळालं. त्यासाठी तिला शाखेत दोन खेपा पडल्या आणि फी काही लागली नाही.

रिझर्व्ह बँकेनं मे २००३ मध्येच बँकांना सांगितलंय: कर्जाच्या प्रत्येक अर्जाची पोच द्या, आणि दोन लाखांपर्यंतचा अर्ज नाकारलात तर कारण लेखी कळवा; २००७ पासून ही रकमेची मर्यादाही उरलेली नाही. तोंडी नकार घेऊन घरी जाऊ नका. अर्ज लेखी द्या आणि पोच मागा. दिली नाही तर जिल्ह्याच्या अग्रणी बँक व्यवस्थापकाला लेखी कळवा. आणि काउंटरमागे बसलेल्या माझ्या मित्रांनो, ती पोच मागण्याची वेळ तिच्यावर येऊ देऊ नका.