दहा काड्यांचं पाकीट

माझ्याकडची फिशिंग रॉड मी विकत घेतलेली नाही. ती एका सीनिअरची. २०२४च्या जूनमध्ये तो भारतात परत गेला, कारण त्याचे नव्वद दिवस संपले होते. अमेरिकेत मास्टर्स झाल्यावर कामाचा जो परवाना मिळतो, ओपीटी म्हणतात तो, त्यात बेकार राहायला एकूण ९० दिवस मिळतात. नोकरी असली की मोजणी थांबते, नसली की चालू. जाताना त्याने राइस कुकर एकाला दिला, गादी दुसऱ्याला, आणि रॉड व एक प्लास्टिकचा डबा माझ्या दाराशी आणून ठेवला. ‘तू कोकणातली ना, मग झालं,’ म्हणाला.

कोकणातली मी आहेच. देवगड तालुक्यात खाडीच्या काठावर आमचं घर आहे. बाबा प्राथमिक शिक्षक होते आणि दर रविवारी गरवायला जायचे. रॉडबिड काही नाही. लाकडाच्या तुकड्याला गुंडाळलेली तंगूस, टोकाला शिसं आणि गरी. सोबत माझा भाऊ. मला कधी नेलं नाही. कुणी ‘येऊ नको’ असंही म्हटलं नाही, तो प्रश्नच कधी निघाला नाही. मासे घरी आले की ते साफ करायला मात्र मी लागायचे.

माझे नव्वद दिवस १ जुलैला सुरू झाले. डॅलसच्या उत्तरेला आम्ही चौघी राहायचो त्या अपार्टमेंटच्या मागे एक तळं होतं, दोन फुटबॉल मैदानांएवढं. दिवसा बाहेर चाळीसच्या आसपास तापमान, त्यामुळे दिवसभर अर्ज भरायचे आणि उजाडताना नाहीतर मावळताना तळ्यावर जायचं. टेक्सासमध्ये तळ्यावर मासे धरायलाही लायसन्स लागतं, गोड्या पाण्याचं ३० डॉलरला. मी जुलैत काढलं. ते ३१ ऑगस्टला संपतं, तुम्ही कधीही काढा, हे मला ऑगस्टच्या शेवटी कळलं. असो.

त्या तळ्यात लार्जमाउथ बास होते. नाव ऐकून जिताडा आठवत असेल, कारण जिताड्यालाही इंग्रजीत सी बास म्हणतात. पण यांचं नातं नाही. हा बास सनफिश नावाच्या गोड्या पाण्यातल्या कुळातला. हिरवट, अंगावर काळा पट्टा, आणि तोंड एवढं मोठं की जबडा डोळ्याच्या मागेपर्यंत जातो. तो चावत नाही, ओढून घेतो. तोंड उघडतो आणि पाण्यासकट समोरची वस्तू आत जाते. मग तो ठरवतो, ठेवायची की थुंकायची.

डब्यात काय काय होतं: गऱ्या, शिसाच्या गोळ्या, दोन चकचकीत पत्र्याचे मासे आणि एका पाकिटात सहा काड्या. हिरवट रंगाच्या, काळे ठिपके, बोटाएवढ्या जाड, पाच इंच लांब. ना डोळे, ना शेपूट, ना पाय. मला वाटलं कशाचा तरी तुटलेला भाग आहे. तळ्यावर रोज घडीची खुर्ची घेऊन बसणारे एक निवृत्त पोस्टमन आजोबा होते, ते म्हणाले, बाकी सगळं ठेवून दे, हेच लाव. मधोमध गरी टोच, फेक आणि काही करू नकोस. शिसं नको. ओढू नकोस. फक्त बुडू दे.

काही न करणं हे त्या उन्हाळ्यात मला सगळ्यात अवघड जाणारं काम होतं, पण तिसऱ्या संध्याकाळी दोरी आपोआप बाजूला सरकायला लागली. मी रॉड उचलली. मासा पाण्याबाहेर उडाला, डोकं झटकलं, आणि काडी हवेत भिरभिरत दहा फुटांवर जाऊन पडली. मासा मिळाला, काडी गेली. पुढच्या पाच काड्या आठवड्यात संपल्या. दोन तर माशाशिवायच गेल्या, नुसत्या फेकताना गरीवरून सुटून.

आता विकत घ्यायची वेळ आली आणि मी दुकानातल्या त्या भिंतीसमोर उभी राहिले. चाळीस प्रकारच्या काड्या. यांची मूळ आई म्हणजे सेन्को. गॅरी यामामोटो नावाच्या माणसाने ती नव्वदच्या दशकात बाजारात आणली. असं सांगतात की तिचा आकार त्याला साध्या बॉलपेनावरून सुचला. (मऊ प्लास्टिकचा गांडूळ त्याहून बराच जुना. ओहायोतल्या अ‍ॅक्रनमध्ये निक क्रीमने तो १९४९मध्ये बनवला.) सेन्कोची करामत आकारात नाही, मिठात आहे. पातळ पीव्हीसी तापवून साच्यात ओततात, त्यात भरपूर मीठ मिसळलेलं असतं. मिठामुळे काडी जड होते, शिसं न लावता बुडते, आणि मऊ असल्यामुळे आडवी बुडताना तिची दोन्ही टोकं थरथरतात. तेवढंच. त्या थरथरीवर मासा येतो. पण मिठाचा प्रत्येक कण म्हणजे प्लास्टिकमध्ये पडलेली एक फट. म्हणून या जातीच्या काड्या फाटतात. फाटणं हा दोष नाही, ज्या गुणासाठी पैसे दिले त्याचीच ती दुसरी बाजू आहे.

हे सगळं मला तेव्हा कळलेलं नव्हतं. मला फक्त किंमत दिसत होती. दहा काड्यांचं पाकीट साडेआठ डॉलर. डॉलर तेव्हा ८४ रुपयांच्या आसपास होता. म्हणजे एक काडी ७१ रुपये. घराच्या कागदांवर काढलेल्या कर्जावर शिकायला आलेली मुलगी ७१ रुपयांचं प्लास्टिक तळ्यात फेकत होती.

मग मी इंजिनिअरने करावं तेच केलं, सगळ्यात स्वस्त शोधलं. शंभर काड्यांची पिशवी, २२ डॉलर, काडीमागे १८ रुपये. चिवट होत्या. दोन्ही हातांनी ताणल्या तरी तुटत नव्हत्या, गरीवरून हलायचं नाव नाही. तीन संध्याकाळी एकच काडी वापरली. मासे शून्य. शेवटी मी कचऱ्याचा उंच डबा धुऊन पाण्याने भरला आणि बाथरूममध्ये बसून दोन्ही जातींच्या काड्या एकेक करून सोडल्या. मिठाची काडी पानासारखी आडवी, थरथरत खाली गेली. स्वस्त काडी तिरकी होऊन पेन्सिलीसारखी तळाला टेकली. रूममेटने दार ठोठावून विचारलं, ‘काय चाललंय?’ मी म्हटलं, रिसर्च.

दोन्हींच्या मधली एक जात आहे, साधारण चार डॉलरला आठ. मीठ कमी, त्यामुळे जरा सावकाश बुडते, पण थरथरते आणि जास्त टिकते. तुम्ही आज सुरुवात करणार असाल तर मी हीच घ्यायला सांगेन, आणि रंग फक्त दोन घ्या: स्वच्छ पाण्याला हिरवट, गढूळ पाण्याला काळा-निळा. बाकीचे अडतीस रंग माशांना नाही, माणसांना पकडण्यासाठी असतात.

एक चौथी जातही आहे, वेगळ्याच प्लास्टिकची. रबरासारखी, कित्येक पट ताणली जाते, एका काडीवर डझनभर मासे निघतात असं लोक सांगतात. तिच्यात मीठ नसेल तर ती तरंगते, त्यामुळे तिचा उपयोगही वेगळा. मी एक पाकीट घेतलं आणि नीटनेटकेपणाच्या भरात सगळ्या जाती डब्याच्या एकाच खणात लावून बाल्कनीत ठेवल्या. सकाळी खणात चिकट हिरवी खीर. ही दोन प्लास्टिकं एकमेकांना लागली की विरघळतात. पाकिटावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं. तीनशे जॉब डिस्क्रिप्शन शेवटच्या ओळीपर्यंत वाचणाऱ्या मला पाकिटावरच्या दोन ओळी वाचायला वेळ मिळाला नव्हता. पंधरा डॉलर गेले. त्या रात्री मी जेवले नाही. नाटक म्हणून नाही, हिशेब म्हणून.

टेक्सासमध्ये रात्रीचे आठ म्हणजे आमच्याकडे सकाळचे साडेसहा. बाबा तेव्हा चहा घेत ओट्यावर बसतात. मी तळ्यावरून व्हिडिओ कॉल करायला लागले होते. पहिल्यांदा मासा दाखवला तेव्हा ते खूश झाले, आणि मी तो पाण्यात सोडल्यावर त्यांचा चेहरा पडला.

‘सोडलंस? खावचो नाय, तर धरलंस कित्याक?’

याचं उत्तर माझ्याकडे आजही नीटसं नाही.

ऑगस्टच्या मध्यात एका कॉलवर त्यांनी सरळ विचारलं, ‘रोज गरवतंस, मगे कामाक कदी जातंस गो?’ तोपर्यंत घरी मी ‘इंटरव्ह्यू चालू आहेत’ एवढंच सांगितलं होतं. नव्वद दिवसांचं सांगितलं नव्हतं. कॅमेऱ्यात त्यांचं कपाळ आणि मागचा माड दिसत होता. मी सगळं सांगितलं.

‘किती दिस रवले?’

‘एक्केचाळीस.’

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. आईला हाक मारतील असं वाटलं, पण मारली नाही. मग म्हणाले, ‘ता हातातला काय ता दाखय.’

मी काडी दाखवली. मधोमध फाटलेली, त्या संध्याकाळची दुसरी. मऊ आहे म्हणून मासा येतो, पण मऊ आहे म्हणून टिकत नाही, चिवट घेतली तर मासा येत नाही, असं मी सांगितलं. ते हसले. ‘सुंगटा तशीच. गरयेर रवणत नाय. म्हणान मी दोरो गुंडाळतंय.’ आणि ते आत जाऊन आईच्या शिवणाच्या डब्यातली दोऱ्याची रीळ घेऊन आले. आपलं बोट गरी समजून त्यांनी दाखवलं: सोललेली कोळंबी, तिच्यावरून दोऱ्याचे दोन वेढे, गरी कोळंबीत कमी आणि दोऱ्यात जास्त. चिवट आमिष लावून बघितलं होतं का, मी विचारलं. म्हणाले, खारवलेलं लावायचो पूर्वी. ‘मासो धरता, पण सोडता पण.’

वीस-पंचवीस वर्षं दर रविवारी हा माणूस पहाटे उठून काय करायचा, ते मला पहिल्यांदाच कुणी दाखवत होतं.

दुसऱ्या दिवशी आजोबांना दोऱ्याची आयडिया सांगितली तर त्यांनी खिशातून काळ्या रबरी रिंगांची पुडी काढली. नळात घालतात तसल्या, ओ-रिंग. म्हणाले, मला वाटलं तुला माहीत आहे. काडीच्या मध्यावर रिंग चढवायची आणि गरी काडीत न टोचता रिंगेखालून घालायची. रिंग चढवायला नळी लागते. मी जुना मार्कर दोन्ही बाजूंनी कापला. रिंग नळीवर ताणून बसवायची, काडी नळीत सरकवायची, मध्यावर आली की रिंग ढकलून द्यायची. पाच सेकंदांचं काम. पेनावरून सुचलेल्या काडीला शेवटी पेनातूनच जावं लागलं.

आता एका महाग काडीवर चार-पाच मासे निघायला लागले. म्हणजे माशामागे पंधरा-सोळा रुपये. आणि चार डॉलरवाल्या मधल्या जातीवर सहा-सात, म्हणजे माशामागे सहा-सात रुपये. १८ रुपयांच्या चिवट काडीचा हिशेब शून्याने भागाकार असल्यामुळे करता आला नाही.

त्यानंतरही काडी टाकायची नसते. मध्य फाटला की टोकाकडून गरी घालायची, अणी प्लास्टिकमध्ये लपवायची. याला टेक्सास रिग म्हणतात, शेवाळात अडकत नाही. तेही टोक फाटलं की काडी अर्धी कापून छोट्या शिसाच्या गोळीला लावायची. ते नेड रिग, कॅन्ससचे लेखक नेड केडी यांच्या नावावरून. काटकसरी लोकांची ती शाळा आहे आणि मला फार आवडते. लायटरने जोडण्याच्या भानगडीत मात्र पडू नका. पीव्हीसी जळलं की निघणारा धूर विषारी असतो. आणि तुकडे तळ्यात टाकू नका. मासे ते गिळतात, ते पचत नाहीत, पोटात राहतात. माझ्या रॉडच्या पिशवीत अजून एक झिपलॉक आहे, मेलेल्या काड्यांची.

७९व्या दिवशी ऑफर आली. दुसऱ्या राज्यात, पगार मागितला होता त्यापेक्षा कमी. मी विचार करायला वेळ मागितला नाही. राइस कुकर आणि गादी ज्युनिअर्सना दिली, रॉड ठेवली.

डिसेंबरमध्ये एक मैत्रीण कणकवलीला चालली होती. तिच्याबरोबर बाबांसाठी एक पाकीट पाठवलं, दहा काड्या, वीस रिंगा आणि कापलेला मार्कर. जानेवारीतल्या एका रविवारी जेट्टीवरून फोन आला. साडेदहा तासांचा फरक आता साडेअकरा झाला होता, मी झोपायच्या तयारीत होते. बाबांच्या हातात काडी होती, रिंगेसकट, पण अर्धीच. कडा गोल, कात्रीने कापल्यासारखी.

‘केंडान तोडलो,’ म्हणाले. केंड म्हणजे फुगणारा मासा, त्याचे दात सुरीसारखे असतात. ‘चार फेकये, चार काडये. किती रुपयांची गो एक?’

मी सांगितलं.

त्यांनी उरलेल्या सहा काड्या पाकिटात घातल्या, पाकीट शर्टाच्या खिशात ठेवलं आणि शेजारच्या डब्यातून सुंगट काढून सोलायला घेतलं. फोन त्यांनी जेट्टीच्या कठड्याला टेकवून ठेवला, बंद केला नाही. दोऱ्याचे वेढे कसे घेतात ते मला या वेळी नीट दिसलं. दोन नाही, तीन घेतात.