वेताळाचें लग्न

आमच्या कारंज्यांत जुन्या ग्रंथांना मान आहे. येथील जैन भांडारांनीं जपलेल्या अपभ्रंश पोथ्यांवर विद्वानांची दृष्टि गेली, आणि पुष्पदंताचें 'जसहरचरिउ' डॉ. प. ल. वैद्य यांनीं संपादून १९३१ सालीं कारंज्याच्याच नांवाच्या ग्रंथमालेंत प्रसिद्ध केलें. अशा गांवच्या प्राध्यापकानें आपल्या कपाटांत काय जपावें? सांगतांना थोडा संकोच वाटतो. पण मीं जपलेली पोथी म्हणजे 'इंद्रजाल कॉमिक्स'चा एक मराठी अंक आहे. त्यांत वेताळाचें लग्न लागतें.

ज्यांना हा वेताळ ठाऊक नाहीं त्यांच्यासाठीं सांगतों. ली फॉक या अमेरिकन लेखकानें १९३६ सालीं वर्तमानपत्रांतील चित्रमालिकेसाठीं त्याला जन्म दिला. मुखवटा घालून, कवटीच्या आकाराच्या गुहेंत राहून तो अरण्याचें रक्षण करी. १९६४ सालीं निघालेल्या आणि १९९० सालीं बंद पडलेल्या इंद्रजाल मालिकेनें त्याला आमच्या घरोघरीं आणलें. त्याची आणि डायनाची प्रीति पहिल्याच कथेपासूनची. लग्न मात्र झालें १९७७ सालीं. एकेचाळीस वर्षें! त्या लग्नास पाहुणा म्हणून आलेल्या जादूगार मँड्रेकनें तर आपल्या नार्डाला १९९७ पर्यंत तिष्ठत ठेविलें. नायकाचें लग्न लागलें कीं कथेंतील गोडी संपते, अशी या लेखकांना भीति वाटत असावी.

तो अंक घरीं आला तेव्हां मी प्राथमिक शाळेंत होतों. थोरली ताई नुकतीच पदवीधर झाली होती आणि तिच्यासाठीं एक स्थळ सांगून आलें होतें. तिला आधीं बी.एड. करावयाचें होतें. मुलाकडचे लोक थांबावयास तयार नव्हते, आणि आजी दिवसांतून दहा वेळां म्हणे, "पोरी, किती ताणशील?" त्या सगळ्या गडबडींतहि मला चित्रकथा वाचून दाखविण्याचें काम ताईकडेच होतें. मीं विचारलें, "ताई, डायना इतकीं वर्षें कां थांबली ग?"

"थांबली कुठें?" ताई म्हणाली. "ती कामांत होती. संयुक्त राष्ट्रसंघांत नोकरी आहे तिला."

जूनमध्यें ताई शकुंतला गाडीनें मूर्तिजापूरला आणि तेथून अमरावतीला गेली. स्थळ गेलें. पुढें तिनें पस्तीस वर्षें शाळेंत शिकविलें. लग्न केलें नाहीं.

गेल्या दिवाळींत नागपूरचे एक संग्राहक घरीं आले. असे जुने अंक आतां चांगल्या किंमतीला जातात. त्यांनीं पानें बोटांच्या टोकांनीं उलटलीं, पिनांचा गंज पाहिला, आणि मलपृष्ठावर येऊन ते थबकले. तेथें ताईच्या अक्षरांत पेन्सिलीनें लिहिलेलें आहे: सतरंजी, कंदील, दाखल्यांच्या नकला, दोन पातळें. "हें एवढें नसतें तर!" ते हळहळले, तरी निम्म्या किंमतीला घ्यावयास तयार झाले.

ते गेल्यावर माझ्या मनांत आलें, या सद्गृहस्थांना हवा होता तो कोणीच न वाचलेला अंक. आमच्या भांडारांतल्या पोथ्या उतरल्या गेल्या त्या वाचण्यासाठीं. पोथी कोणीं उतरली, कोणासाठीं आणि कधीं, हें तिच्या अखेरीस लिहिलेलें असतें. त्या चार ओळींना पुष्पिका म्हणतात, आणि ती सांपडली कीं पंडितांस धन्य वाटतें. माझ्या पोथीलाहि पुष्पिका आहे, एवढेंच.

अंक विकावा काय, हें विचारण्याच्या निमित्तानें मीं ताईला फोन केला. खरें पाहतां मला दुसरेंच विचारावयाचें होतें: त्या जूनमध्यें गाडींत बसतांना तिला काय वाटलें होतें? पण इतक्या वर्षांत न विचारलेलें तें त्या दिवशींहि ओठांवर आलें नाहीं. मीं नुसती यादी वाचून दाखविली. ती क्षणभर गप्प राहिली, मग हंसून म्हणाली, "कंदील न्यायचा राहिलाच होता रे. पहिले आठ दिवस शेजारणीच्या कंदिलावर अभ्यास केला मी."

अंक पुन्हां कपाटांत ठेवला आहे.