काळा रंग आणि जांभळाचं झाड



बिस्किटाचा पुडा हातात घेतला की आधी आपण काय बघतो? हिरवा ठिपका. तो दिसला तरी मागची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय आमच्या घरात पुडा फुटत नाही. कांदा-लसणाची पावडर नाही ना, बटाट्याचं पीठ नाही ना, मध नाही ना. स्वयंपाकघरात मी इतकी डोळ्यांत तेल घालून वागते. पण त्याच घरात खिडकीजवळच्या टेबलावर मी २० वर्षं चित्रं काढते आहे, आणि तिथल्या रंगांच्या ट्यूबवरची अक्षरं मी कधी वाचलीच नव्हती.

गेल्या वर्षी दशलक्षण पर्वाच्या आधी पाठशाळेच्या ताईंनी मुलांसाठी षट्लेश्येचं चित्र काढून मागितलं. आपल्या मंदिरांतून ते तुम्ही पाहिलंच असेल. फळांनी लगडलेलं एक झाड आणि भुकेली सहा माणसं. कृष्ण लेश्येचा माणूस झाड मुळापासून तोडायला निघतो. नील लेश्येचा खोडावर घाव घालतो, कापोतवाला मोठी फांदी तोडतो, पीतवाला लहान फांदी. पद्म लेश्येचा फक्त फळं तोडतो आणि शुक्ल लेश्येचा खाली पडलेली फळं वेचून खातो. अक्षर न येणाऱ्यालाही कळावं असं हे चित्र आहे. झाड कुणी आंब्याचं काढतं, कुणी जांभळाचं. मी जांभळाचं काढलं, कारण लहानपणी आमच्या शेताच्या बांधावर जांभूळच होतं आणि जिभा जांभळ्या करून आम्ही घरी यायचो.

जाड कागदावर जलरंगात काम चाललं होतं. कृष्ण लेश्येचा माणूस कुऱ्हाडीसकट काळा करून झाला होता. आठवीतली लेक शेजारी बसून ट्यूब चाळत होती. तिनं विचारलं, "आई, यावर आयव्हरी ब्लॅक लिहिलंय. आयव्हरी म्हणजे हस्तिदंत ना?"

मी हसले. म्हटलं, नाव जुनं आहे, आता कोण हस्तिदंत जाळणार? पण मन स्वस्थ बसेना. चष्मा लावून ट्यूब उलटी केली. बारीक अक्षरांत पीबीके ९ असं लिहिलेलं होतं. शोधलं तेव्हा कळलं की हस्तिदंत गेला, पण त्याच्या जागी जनावरांची हाडं आली. हाडं जाळून जी काळी पूड होते, तिचा हा नंबर.

झाड तोडणाऱ्या हिंसक माणसाचं चित्र मी हाडांच्या रंगानं रंगवत होते. मग वाचतच गेले. अस्सल कारमाइन हा लाल रंग कोचिनील किड्यांचा. काही कंपन्या जलरंग ओलसर राहावेत म्हणून त्यांत मध घालतात. जलरंगाच्या चांगल्या कागदाला बऱ्याचदा जिलेटिनचं पाणी दिलेलं असतं. आणि माझा लाडका बारीक ब्रश तर खारीच्या शेपटीच्या केसांचा. आपल्या देशातली लघुचित्रं अशाच ब्रशांनी घडली हे मला माहीत होतं. कौतुकानं सांगायचेही मी. पण ती खार कधी डोळ्यांसमोर आली नव्हती.

त्या संध्याकाळी सूर्यास्ताआधीच्या जेवणाला मी बसलेच नाही. सासूबाईंना म्हटलं, "आई, चित्र फाडून टाकते. आता रंगकामच नको."

सासूबाई वाटाणे सोलत होत्या. एकेक शेंग उघडून, आत अळी नाही ना हे बघून. मान वर न करता म्हणाल्या, "अगं, एका शेंगेत अळी निघाली म्हणून मी सगळी पाटी उकिरड्यावर ओतते का? सगळंच मुळापासून तोडायला निघालेला तुझ्या चित्रात कोण आहे, बघ जरा."

मी गप्प झाले. चित्रातला काळा माणूस मीच होते.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनीच उपाय काढला. एरंडेल तेलाचा दिवा लावून त्यावर तांब्याचं ताम्हण पालथं धरायचं. बाळांसाठी काजळ धरायच्या तसंच, फक्त यात तूप घालायचं नाही. पण दिवा दुपारी लावायचा, असं त्यांनी बजावलं. रात्री लावला तर ज्योतीवर पाखरं येतात. जमलेली काजळी मी बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात खलात घोटली. सुरुवातीला ती पाण्यावर नुसती तरंगते, दाद देत नाही. तास-दोन तास घोटल्यावर एकजीव झाली आणि असा मऊ काळा रंग निघाला की ट्यूबची आठवणही होऊ नये.

तमिळनाडूत सित्तन्नवासलच्या जैन लेण्यात ९व्या शतकातलं कमळांच्या तळ्याचं चित्र आहे, छतावर रंगवलेलं. मी ते पुस्तकातच पाहिलंय. गेरू, पिवळी माती, चुना, कोळसा, असल्या साध्या वस्तूंतून ती कमळं उमलली आहेत. मग माझं काय अडणार होतं?

ओल्या स्पंजानं काळा माणूस पुसून काढला. पण जलरंग एकदा कागदात मुरला की पूर्ण निघत नाही. करडी सावली राहिलीच. तिच्यावरच काजळानं पुन्हा रंगवलं. कागद मात्र तोच ठेवला. नवा घेताना विचारून घेते.

आता ट्यूब घेताना मी नंबर वाचते. काळ्यात पीबीके ६ किंवा ७ म्हणजे काजळी, ११ म्हणजे लोखंडाचा काळा, ९ असेल तर परत ठेवायची. लालवर एनआर ४ दिसलं तर तीही. ब्रश नायलॉनचे. खारीचा ब्रश माझ्या चित्रकलेच्या सरांनी दिलेला, तो टाकवला नाही. कपाटात आहे, वापरत नाही.

चित्र भाद्रपद शुद्ध पंचमीला पाठशाळेत लागलं. क्षमावाणीच्या दिवशी मी ताईंना काजळाखालची गोष्ट सांगितली. वाटलं, उतरवायला सांगतील. त्या चित्राजवळ गेल्या, बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मुलांना हेही सांगा."

सांगते. शुक्ल लेश्येचा माणूसही उपाशी राहत नाही बरं का. तोही जांभळं खातो. फक्त आधी खाली वाकून बघतो.

उत्तम क्षमा.