शंभर वर्षांनंतर

विज्ञानकथा दिली की एका संपादकांचं ठरलेलं उत्तर यायचं, "तुम्ही मोहल्ल्यातलं लिहा." मोहल्ला मी लिहिलाय, आवडीने लिहिलाय. पण उद्याचं लिहायला आम्हाला काय बंदी आहे?

मँचेस्टरच्या कॉमा प्रेसने २०१६ साली काढलेलं ‘इराक + १००’ हाती आलं, तेव्हा हे सगळं आठवलं. हसन ब्लासिम संपादक. २००३च्या आक्रमणाला शंभर वर्षं होतील तेव्हा आपलं शहर कसं असेल, या एकाच प्रश्नावर दहा कथा. आजच्या भयातून मान वर काढून पुढचं लिहायला लेखक सहजी तयार होत नव्हते, असं ब्लासिम प्रस्तावनेत सांगतात. सगळ्याच कथा जमल्यात असं नाही. पण पुस्तक चाललं. २०१९मध्ये ‘पॅलेस्टाइन + १००’ आलं. तिथे मोजणी १९४८पासून.

मीही वही उघडली. आमच्या मराठवाड्यातल्या मोहल्ल्याची शंभर वर्षं कुठून धरायची? पोलीस ॲक्शनच्या १९४८पासून की १९९२पासून? तिथेच आठवडाभर अडलो.

बेगम म्हणाली, "नळाला रोज पाणी येईल का, ते आधी लिहा."

तिथूनच सुरुवात केलीय.