उतारावर उभं राहताना

वडील लष्करी वैद्यकीय सेवेत होते. त्यांची राणीखेतला बदली झाली तेव्हा मी शाळकरी वयात होतो. गावाबाहेर उपटला लष्कराचं नऊ होलचं गोल्फ मैदान आहे. आभाळ मोकळं असलं की समोर त्रिशूळ आणि नंदादेवी. बाबांचं सेव्हन आयर्न तिथंच माझ्या हाती आलं. मुठीचं चामडं घामानं काळवंडलेलं, पात्याच्या खालच्या कडेला दगडांचे ओरखडे. पुढे पिशवीतले बाकीचे क्लब बदलले, याची मूठही नवी बसवली. पातं मात्र तेच राहिलं.

बाबांनी आधी उभं राहायला शिकवलं. डोंगरात सपाट जागा क्वचितच वाट्याला येते. चेंडू पावलांपेक्षा उंचावर असला की उजव्या हातानं खेळणाऱ्याचा फटका डावीकडे ओढला जातो, खाली असला की उजवीकडे निसटतो. चढावरून मारलेला चेंडू उंच उडून आखूड पडतो, उतारावरचा बुटका जाऊन लांब धावतो. ‘खांदे उताराला समांतर ठेव, उताराशी भांडू नकोस,’ बाबा म्हणायचे.

मग पुण्यातली नोकरी, संसार. क्लब बरीच वर्षं कपाटामागे उभा होता. बाबा गेल्यावर तो घेऊन मी लेकीबरोबर शिमल्याजवळच्या नालदेहराला गेलो. व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनला ही जागा इतकी भावली, की १९०४ साली जन्मलेल्या मुलीचं नाव त्यानं अलेक्झांड्रा नालदेरा ठेवलं. इथला पार ६८. मोठ्या मैदानांवर बहुधा ७२ असतो. अंतरं कमी, पण देवदारांमधून कधी ग्रीन पार खाली दिसतं, कधी चढापलीकडे झेंड्याचा नुसता शेंडा.

एका ग्रीनवर हिरवळ डोंगराकडे झुकल्यासारखी वाटत होती. कॅडीनं मान हलवली आणि होलच्या बऱ्याच वर, डोंगराच्या बाजूला बोट दाखवलं. लेकीनं तिकडे हलकेच चेंडू ढकलला. तो क्षणभर सरळ गेला, मग दरीकडे वळत होलमध्ये उतरला.

वयानं माझा फटका आखूड झालाय, तरी डोंगरातला खेळ मला अजून पुरून उरतो. इथं मनगटातल्या जोरापेक्षा जमिनीची पारख मोठी. गोल्फ शिकणाऱ्यांनो, एकदा तरी डोंगरात खेळा. कॅडीचं ऐका, आणि फटक्याआधी पायांखालचा उतार नीट बघून घ्या.