मैल आणि भीड

मैल हे माप आपल्या रस्त्यांवरून नाहीसे होऊन पुष्कळ वर्षे लोटली. १९५६ च्या वजनमापांच्या कायद्याने दशमान पद्धती आली, हळूहळू रस्त्याकडेच्या दगडांवर किलोमीटरचे आकडे चढले, आणि मैल उरला तो वृद्ध माणसांच्या बोलण्यापुरता. हा हद्दपार झालेला मैल आमच्या घरात परत आला तो विमानाच्या वाटेने. आणि एकटा आला नाही, आपल्यामागे मागणाऱ्यांची रांग घेऊन आला.

ज्यांचा या प्रकाराशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगावयास हवे. प्रवाशाने पुन्हा पुन्हा आपल्याच विमानाने यावे म्हणून विमान कंपन्या त्याच्या प्रत्येक प्रवासामागे काही गुण त्याच्या नावे जमा करतात. अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ रोजी आपली योजना सुरू केली आणि पाहता पाहता जगभरच्या कंपन्यांनी तिचा कित्ता गिरवला. या गुणांनाच बोलीत मैल म्हणतात. पुरेसे मैल साठले की त्यांच्या बदल्यात तिकीट मिळते, आणि ते तिकीट बहुधा दुसऱ्याच्या नावानेही काढता येते. सारे रामायण घडते ते या शेवटच्या सवलतीमुळे. आपल्या एअर इंडियाच्या योजनेचे नाव पूर्वी ‘फ्लाइंग रिटर्न्स’ होते. २०२५ मध्ये ते ‘महाराजा क्लब’ असे झाले. महाराजांच्या पदरी राहण्याची बडोद्याच्या मराठी माणसाला पिढ्यान्‌पिढ्यांची सवय असल्यामुळे मला त्यात काही नवे वाटले नाही.

मजजवळ हे मैल साठले कसे, तेही सांगतो. १९६५ मध्ये कोयलीची रिफायनरी सुरू झाली, मागोमाग बडोद्याभोवती खतांचे व पेट्रोकेमिकल्सचे कारखाने उभे राहिले, आणि दरबारी कारकून, शिक्षक व वकील यांची म्हणून ओळखली जाणारी येथील मराठी घरे इंजिनिअरही निपजवू लागली. मी त्यांतलाच एक. यंत्रे उभारण्याच्या कामासाठी वीस-बावीस वर्षे आखाती देशांत, जर्मनीत आणि सिंगापुरात माझ्या फेऱ्या होत राहिल्या. मुलांची स्नेहसंमेलने हुकली, दोन गणपती परस्परच विसर्जित झाले, आणि विमानतळांवरच्या खुर्च्यांत किती रात्री गेल्या त्यांची गणती नाही. खात्यावरचे मैल म्हणजे त्या गैरहजेरीची पावती होय. ते मी उडून मिळवले तसे माझ्या पत्नीने घरी थांबून मिळवले. कंपनीच्या दप्तरात नाव माझे एकट्याचे असले तरी त्यांवर हक्क दोघांचा आहे, आणि म्हणून कोणीही काही मागितले तर “घरात विचारून सांगतो” हे माझे उत्तर सबब नसून वस्तुस्थिती असते.

मागणीची सुरुवात बहुधा एकाच वाक्याने होते: “तुमचे ते मैल पडूनच असतील ना?” पडून असणे हा शब्दप्रयोग मोठा बोलका आहे. बँकेत माझी ठेव पडून आहे, कपाटात सौभाग्यवतींच्या पाटल्या पडून आहेत; पण त्या कोणी मागत नाही. मैलांवर मात्र कोणी छापील किंमत वाचलेली नसते, त्यामुळे ते देणाऱ्याला काहीच पडत नाहीत अशी समजूत असते. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवण्याची हौस आपल्या समाजात जुनीच आहे. येथे हलवाई आकाशात आहे एवढाच फरक.

वास्तविक हे तिकीट फुकट नसते. मैल भाड्यापुरते चालतात. सरकारी कर, विमानतळाचे शुल्क आणि कित्येकदा इंधनाचा अधिभार रोख भरावा लागतो. मैलांवर देण्याच्या जागा कंपनी थोड्याच ठेवते, आणि दिवाळीत किंवा मे महिन्याच्या सुटीत त्या मिळणे दुरापास्त. अनेक योजनांत मैलांना मुदत असते. सिंगापूर एअरलाइन्सचे मैल छत्तीस महिन्यांनी संपतात. शिवाय कोणत्या प्रवासाला किती मैल लागतील हे कंपनी ठरवते आणि बदलते. जेट एअरवेजची विमाने १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली. तिच्या मैलांचा कारभार निराळ्या कंपनीकडे असल्याने तो तगला, परंतु ज्या विमानांसाठी मैल साठवले ती विमानेच आकाशात उरली नाहीत. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्तारा एअर इंडियात विलीन झाली आणि तिच्या खातेदारांना नव्या घरचे रीतिरिवाज शिकावे लागले. सारांश, मैल हे धन खरे, पण दुसऱ्याच्या कोठारात ठेवलेले. त्याच्या किल्लीवर आपली सत्ता अर्धीच.

हे सारे समजावून सांगितले तरी मागणे थांबत नाही, कारण अडचण हिशेबाची नसून भिडेची असते. माझे वडील रेल्वेत होते, प्रतापनगरच्या कचेरीत. रेल्वेच्या नोकराला प्रवासाचे पास मिळत, आणि ते त्या काळी नातलगांत मैलांइतकेच लोकप्रिय होते. परंतु पासावर कोणाची नावे घालावयाची हे नियमांत स्पष्ट लिहिलेले असे: पत्नी, मुले, पोसावी लागणारी आई, अशी ती मर्यादा होती. माझ्या एका आत्याने यजमानांसह काशीयात्रेला जाण्यासाठी पास मागितला, तेव्हा वडिलांनी तिला शांतपणे नियम वाचून दाखवला. आत्या नियमावर रागावली, भावावर नाही. त्या रात्री ती आमच्याकडेच जेवली.

पास आपला नकार अंगावर छापून घेऊन येत असे. मैलांचे तसे नाही. काही कंपन्या आधी नावे नोंदवायला लावतात, सिंगापूर एअरलाइन्सच्या योजनेत पाच जणांची मर्यादा आहे. पण त्या पाचांत कोण, हे पुन्हा आपणच ठरवायचे. वडिलांच्या वेळी जे काम रेल्वेच्या नियमांनी केले ते आता खातेदाराला स्वतः करावे लागते, आणि तेथेच आपण मराठी माणसे अडतो. भीड भिकेची बहीण, हे आपल्याला पाठ असते. आमचे गुजराती शेजारी त्याहून रोखठोक आहेत. ते म्हणतात, “एक नन्नो सो दुःख हणे.” म्हण त्यांची खरी, फक्त त्या एका नन्न्याने जे एकशे एकावे दुःख उपजते त्याविषयी ती काही सांगत नाही.

देताना अट घालणे हे कोत्या मनाचे लक्षण आहे, अशी आपली एक समजूत असते. बडोदेकराला तरी ती नसावी. १९१३ साली भीमराव आंबेडकर बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी, हे सारे आधी कागदावर ठरले होते. पुढे १९१७ मध्ये ते नोकरीवर आले असता त्यांना येथे राहावयास जागा मिळाली नाही, हा डाग त्या कागदाचा नव्हे, आपल्या शहराच्या मनाचा. सयाजीराव महाराजांसारख्या उदार राजालाही देण्याआधी अटी लिहाव्याशा वाटल्या, तर आपल्यासारख्यांनी त्यांची लाज का बाळगावी?

२०२३ साली माझी परीक्षा पाहणारे तीन प्रसंग सहा महिन्यांच्या आत आले. पहिली मागणी एका जुन्या स्नेह्यांची. त्यांनी व्यवहारच मांडला: “निम्मे भाडे रोख देतो, तुमचेही काम होईल आणि माझेही.” हे नाकारणे सोपे होते. मैल विकण्यास कंपन्यांची मनाई असते. विक्री उघडकीस आली तर तिकीट रद्द होते आणि खातेही बंद होऊ शकते. समजा हे सारे झाले नाही, तरी स्नेह्याकडून भाडे घेतल्यावर विमान दोन तास उशिरा सुटले तर त्याने मलाच जाब विचारावा, असे नाते मला नको होते.

दुसरी मागणी अवघड होती, कारण ती माझ्या थोरल्या बहिणीची होती. ताईच्या मुलाचे लग्न ठरले होते आणि नवदांपत्याला बालीला जावयाचे होते. “मामाचा आहेर म्हणून मैलच दे,” असे ती म्हणाली. आम्ही उभयतांनी दोन दिवस विचार केला. मुलगा पुण्यात चांगल्या पगारावर आहे. तिकिटे त्याला जड नव्हती. मी दांडिया बाजारातून रावपुऱ्यापर्यंत चालत ताईकडे गेलो, कारण असे बोलणे फोनवर करू नये, आणि सांगितले की आहेर आम्ही रीतीप्रमाणे करू, पण मैल आम्ही अडचणीच्या प्रवासासाठी राखून ठेवले आहेत. ताईने चहा दिला. ती रागावून काहीच बोलली नाही, आणि तेच अधिक लागले. आहेर आम्ही सढळ हाताने केला. तरीही त्या वर्षी ती भाऊबिजेला आली नाही. पुढल्या वर्षी आली, ओवाळले, आणि मैलांचा विषय दोघांपैकी कोणीही काढला नाही. नकाराची ही किंमत कोठल्याही तिकिटावर छापलेली नसते. ती मान्य करूनच नकार द्यावा लागतो.

तिसरी मागणी झालीच नाही. आमच्या शेजारच्या वहिनी शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. त्यांची मुलगी टोरांटोला असते. तिला सातव्या महिन्यातच प्रसूती झाली, बाळ काचेच्या पेटीत होते, आणि जावई एकटा इस्पितळ व घर यांमध्ये धावत होता. वहिनींजवळ आधीच्या भेटीचा व्हिसा होता, पण आठवड्याच्या आत जावयाचे तर भाडे दुपटीहून अधिक. त्यांनी आम्हांला एका शब्दाने विचारले नाही. सोनाराच्या दुकानात त्या बांगड्या वजन करवीत बसलेल्या माझ्या पत्नीला दिसल्या, म्हणून कळले. त्याच संध्याकाळी आम्ही अहमदाबादहून सुटणाऱ्या विमानाची जागा शोधली. करांचे पैसे त्यांनी स्वतः भरले, तेवढे मी मुद्दाम भरू दिले. मानी माणसाला घेणे सोसावे म्हणून त्याचाही हात त्यात असू द्यावा. चौथ्या दिवशी त्या मुलीपाशी पोचल्या. बाळ वाचले. आता ते चालू लागले आहे. पण ते न वाचते तरी ते तिकीट योग्य ठिकाणीच गेले असते.

भाच्याला मैल दिले असते तर त्या दिवशी खात्यात काही उरले नसते. परंतु मला अधिक विचार करावयास लावले ते निराळ्याच गोष्टीने. ज्यांनी मागितले त्यांना नसते मिळाले तरी त्यांचे काही अडत नव्हते. आणि जिचे अडले होते तिने मागितले नाही. मागण्याचे धैर्य आणि गरज ही दोन्ही एकाच घरी क्वचित नांदतात. म्हणून मागणीला उत्तर कसे द्यावे एवढाच प्रश्न सोडवून भागत नाही. न मागणाऱ्याकडे कोणी पाहावे, हाही प्रश्न त्याच खात्यावर लिहिलेला असतो.

तेव्हापासून आमच्या घरचा नियम ठरला आहे, आणि तो आम्ही विचारणाऱ्या सर्वांना सारख्याच शब्दांत सांगतो. आजारपण, मृत्यू, बाळंतपण आणि विद्यार्थ्याचा परदेशचा पहिला प्रवास, या चार कारणांसाठी मैल आहेत, सहलीसाठी नाहीत. कर प्रवाशाने भरावेत. जी तारीख मिळेल ती चालवून घ्यावी. पैसे घ्यावयाचे नाहीत. उत्तर दोन दिवसांत द्यावयाचे, कारण लोंबकळत ठेवलेली आशा स्पष्ट नकारापेक्षा अधिक दुखवते. आणि दिल्यानंतर त्याचा उच्चार करावयाचा नाही. येथे लिहिताना मी वहिनींची परवानगी घेतली आहे. नियम माझ्या सोयीचा नाही हे लोकांना दिसावे म्हणून आम्ही स्वतःही सहलीसाठी मैल वापरत नाही.

साठवणुकीचाही मोह धरू नये. कोठारातले धान्य किडते, तसे मैलही मुदतीने संपतात, आणि अनेक योजनांत खातेदाराबरोबरच त्याचे मैल जातात. सध्या माझ्या खात्यात एका माणसाच्या जाण्यापुरते मैल शिल्लक आहेत, आणि पुढल्या वर्षी त्यांची मुदत संपते. तोवर ओळखीच्या कोणावर प्रसंग ओढवू नये अशीच आमची इच्छा आहे. न ओढवला, तर ताईच्या नातीला जर्मनीत शिकावयास जायचे आहे. तिचे नाव आम्ही दोघांनी मनाशी धरून ठेवले आहे. तिने अजून मागितलेले नाही.